अवयव आणि अवयवी

ग्रीक वंशाचा राजा मिनांदर इसवी सनापूर्वीच्या दुसऱ्या शतकांत हिंदुस्थानच्या वायव्य भागावर राज्य करीत होता. 'मिलिंदपञ्ह' या पाली ग्रंथांत त्याला मिलिंद म्हटलें असून, वादांत त्याच्यापुढें टिकाव धरील असा पंडित त्या प्रदेशांत उरला नव्हता, असें त्याचें वर्णन आहे. त्याची राजधानी सागल. हल्लींचें सियालकोट तेंच असावें असें बहुतेक विद्वान मानतात. तेथें नागसेन नांवाच्या बौद्ध भिक्षूची व राजाची भेट झाली. राजानें शिष्टाचाराप्रमाणें नांव विचारलें. भिक्षूनें उत्तर दिलें कीं, सोबतचे लोक नागसेन म्हणून हांक मारतात खरे, परंतु तें व्यवहारापुरतें नांव आहे. त्या नांवामागें कोणी पुरुष शोधूं गेल्यास तो सांपडावयाचा नाहीं.

राजा चकित झाला, आणि त्यानें जो आक्षेप घेतला तो अद्यापि शिळा झालेला नाहीं. नागसेन म्हणून कोणी नसेलच, तर भिक्षा घेतो कोण, शील पाळतो कोण, ध्यान करतो कोण? मग पुण्यहि नाहीं आणि पापहि नाहीं. उद्यां कोणी या भिक्षूचा प्राण घेतला तरी त्याला खुनी कसें म्हणावयाचें? पुढें राजा एकेक अवयव घेऊन विचारूं लागला. केंस म्हणजे नागसेन काय? नखें, दांत, कातडी, मांस, हाडें? प्रत्येक प्रश्नाला उत्तर 'नाहीं' असेंच आलें. मग भिक्षूनें तोच डाव राजावर उलटविला. राजा रथांत बसून आला होता. रथ म्हणजे त्याची दांडी काय? आंस काय? चाकें, सांगाडा, जूं, लगाम? यांपैकीं एकहि रथ नव्हे, सर्वांचा समुदायहि नव्हे, आणि हे सारे काढून टाकल्यावर निराळा रथ म्हणून कांहीं उरत नाहीं. तेव्हां राजानें मान्य केलें कीं, या सर्व भागांच्या आश्रयानें 'रथ' हें नांव चालतें, इतकेंच.

ही गोष्ट बहुधा येथपर्यंतच सांगितली जाते आणि श्रोते भिक्षूच्या चातुर्याला माना डोलावितात. राजाचा पहिला आक्षेप मात्र रथाच्या चाकांखालीं चिरडून गेल्यासारखा होतो, हें कांहीं बरें नव्हे. रथाचे भाग सुटे केले तर रथ दिसेनासा होतो हें खरें; पण त्याच भागांचा अंगणांत ढीग रचला तर त्यांत बसून राजाला सागल नगरांतून फिरतां येत नाहीं, हेंहि तितकेंच खरें. भागांमध्यें नसलेलें असें कांहीं जुळणींत येतें काय, आणि येत असल्यास तें कोठून येतें, हा खरा प्रश्न आहे.

या प्रश्नावर आपल्याकडील नैयायिकांनीं व बौद्धांनीं शेंकडों वर्षें वाद घातला. न्यायमताप्रमाणें घट हा केवळ परमाणूंचा पुंज नव्हे. अवयवांत राहणारा, परंतु अवयवांहून निराळा असा एक 'अवयवी' असतो, आणि घट म्हणजे तो. त्यांचें एक प्रमाण मोठें घरगुती आहे. घटाचा कांठ धरून ओढला तर सारा घट ओढला जातो. वाळूच्या ढिगांतून मूठभर वाळू उचलली तर ढीग जागच्या जागींच राहतो. दुसरें प्रमाण असें कीं, परमाणु कोणालाहि दिसत नाहीं. घट म्हणजे नुसते परमाणुच असते तर घटहि दिसला नसता. प्रतिपक्षानें यावर केसांचा दृष्टांत काढला. ज्याची दृष्टि मंद आहे त्याला सुटा केंस दिसत नाहीं, पण केसांचा पुंजका दिसतो. तसेंच परमाणूंचें समजावें. नैयायिकांनीं सांगितलें कीं, सुटा केंस निदान चांगल्या डोळ्यांच्या माणसाला तरी दिसतो. परमाणु हा इंद्रियांच्या पलीकडलाच आहे, म्हणून दृष्टांत लागूं पडत नाहीं. वैशेषिकांनीं तर हिशेबच मांडला होता: दोन परमाणूंचें एक द्व्यणुक, तीन द्व्यणुकांचें एक त्र्यणुक, आणि खिडकींतून आलेल्या कवडशांत नाचतांना दिसणारा रजःकण म्हणजे हें त्र्यणुक. प्रयोगशाळा नसतांना केवळ विचाराच्या बळावर इतकी बारीक कांतणी झाली, याचें कौतुक वाटल्यावांचून राहत नाहीं. पण कौतुक एवढ्यावरच थांबविलेलें बरें; आधुनिक रसायनशास्त्र त्यांना आधींच ठाऊक होतें असें म्हणणें म्हणजे त्यांच्याहि बुद्धीचा आणि रसायनशास्त्राचाहि अपमान होय.

परमाणूंचा वाद पुढें युरोपांत निराळ्या रूपानें उभा राहिला, तो उष्णतेच्या निमित्तानें. उष्णता हें एक सूक्ष्म, वजनरहित द्रव्य असून तें तापलेल्या पदार्थांतून थंड पदार्थांत वाहतें, अशी अठराव्या शतकांतील अनेक शास्त्रज्ञांची समजूत होती. म्यूनिक येथें तोफांच्या नळ्या कोरण्याच्या कामावर देखरेख करणाऱ्या काउंट रम्फर्डनें १७९८ सालीं या समजुतीला धक्का दिला. बोथट हत्यारानें पितळ कोरीत राहिलें तर उष्णता निघतच राहते, आणि भोंवतीं ठेवलेलें पाणी विस्तवावांचून सुमारें अडीच तासांत उकळतें. द्रव्य असतें तर केव्हां तरी संपलें असतें. जें संपत नाहीं तें द्रव्य नव्हे, ती गति होय, असा त्यानें निष्कर्ष काढला. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत मॅक्सवेल व बोल्ट्झमान यांनीं ही गति कोणाची तें गणितानें मांडलें. वायूचे असंख्य रेणु चोहोंकडे धांवत असतात. त्यांच्या गतीच्या ऊर्जेची सरासरी म्हणजे तपमान, आणि भांड्याच्या भिंतीवर होणारा त्यांचा मारा म्हणजे दाब.

येथें एक गोष्ट नीट पाहण्यासारखी आहे. एकट्या रेणूला वेग असतो, वजन असतें. तपमान मात्र नसतें. सुटा रेणु गरम कीं थंड, असें विचारणें हें एका माणसाच्या गर्दीत रेटारेटी किती होती असें विचारण्यासारखें आहे. तपमान हा समुदायाचा गुण होय. तरीहि तो आकाशांतून पडलेला नाहीं. रेणूंच्या गतीवरून त्याचा हिशेब लागतो. म्हणजे भिक्षूचें म्हणणें अर्धें खरें ठरलें, आणि नैयायिकांचेंहि अर्धें.

हा हिशेब मांडणाऱ्या बोल्ट्झमानचें आयुष्य मात्र सुखाचें गेलें नाहीं. माख व ओस्टवाल्ड यांच्यासारखे वजनदार विद्वान अणूंचें अस्तित्वच मानावयास तयार नव्हते. जें कोणी पाहिलें नाहीं त्यावर शास्त्र उभारूं नये, असें त्यांचें म्हणणें. वर्षानुवर्षें वाद चालला. बोल्ट्झमानची प्रकृति व मन दोन्ही ढासळत गेलीं, आणि १९०६ सालीं ट्रिएस्टजवळील दुइनो या गांवीं त्यानें आपल्या हातानें जीवन संपविलें. त्यानंतर अवघ्या दोन वर्षांनीं पॅरिसमध्यें झां पेरँ यानें पाण्यांत तरंगणारे राळेचे अतिसूक्ष्म कण सूक्ष्मदर्शकाखालीं मोजावयास आरंभ केला. अदृश्य रेणूंच्या धक्क्यांनीं ते कण कसे नाचतात व कसे विखुरतात, यावरून रेणूंची संख्या निघाली, आणि निरनिराळ्या वाटांनीं काढलेले आंकडे एकमेकांशीं जुळले. १९०९ सालीं ओस्टवाल्डनें आपली हार लेखी मान्य केली. परमाणु दिसला नव्हताच. त्यानें ज्याला धक्का दिला तो रजःकण दिसला होता.

घरांतलें घड्याळ खोलणारा मुलगा बहुतेक घरांत एकदां तरी जन्माला येतो. चक्रें, कमान, लंबक सारें ताटांत मांडून तो म्हणतो कीं घड्याळ समजलें. वडील म्हणतात, आतां जुळवून दाखव. शास्त्रांतहि खोलणें आणि जुळविणें हीं दोन निराळीं कामें आहेत, आणि पहिलें साधलें म्हणजे दुसरें आपोआप साधतें असें नाहीं. अमेरिकन पदार्थविज्ञानी फिलिप अँडरसन यानें १९७२ सालीं एका गाजलेल्या लेखांत हाच मुद्दा मांडला. सर्व कांहीं थोड्या मूळ नियमांपर्यंत नेतां येतें म्हणून त्या नियमांपासून निघून सारें विश्व पुन्हां उभारतां येईल असें ठरत नाहीं. पायरीपायरीला नवे गुण व नवे नियम दिसूं लागतात. बोल्ट्झमानची थोरवी ही कीं त्यानें वायूपुरती तरी परतीची वाट बांधून दाखविली. पण वायु हा साधा पदार्थ आहे. जिवंत शरीराच्या बाबतींत ही वाट कशी आहे, तें एका रोगाच्या इतिहासावरून चांगलें कळतें.

१९०४ सालच्या अखेरीस शिकागो येथील एका रुग्णालयांत ग्रेनाडा बेटाहून दंतवैद्यक शिकण्यासाठीं आलेला वीस वर्षांचा एक विद्यार्थी दाखल झाला. त्याचें रक्त सूक्ष्मदर्शकाखालीं पाहतां कांहीं तांबड्या पेशी गोल नसून लांबट, विळ्यासारख्या वांकलेल्या आढळल्या. डॉक्टर जेम्स हेरिक यांनीं १९१० सालीं ही हकीकत प्रसिद्ध केली. कारण मात्र त्यांना सांगतां आलें नाहीं. हाच तो सिकलसेल रोग. ज्यांना तो होतो त्यांच्या हाडांत व सांध्यांत अचानक असह्य कळा उठतात, रक्त कमी होतें, प्लीहा निकामी होते, आणि उपचाराअभावीं अनेक मुलें लहानपणींच दगावतात.

पुढचा शोध पायऱ्या उतरत उतरत झाला. रोग माणसाचा, माणसांत रक्ताचा, रक्तांत तांबड्या पेशींचा, पेशींत हिमोग्लोबिनाचा. १९४९ सालीं लायनस पॉलिंग, हार्वे इटानो व त्यांच्या सहकाऱ्यांनीं दाखविलें कीं, विद्युत्क्षेत्रांत रोग्याचें हिमोग्लोबिन निरोगी हिमोग्लोबिनाहून निराळ्या वेगानें सरकतें. दोष रेणूंतच होता. हिमोग्लोबिनाचा रेणु म्हणजे ॲमिनो आम्लांच्या चार माळा: १४१ मण्यांच्या दोन आणि १४६ मण्यांच्या दोन. केंब्रिज येथें व्हर्नन इंग्रॅम यानें या माळांचे तुकडे करून एकेक तुकडा ताडून पाहिला, आणि १९५६-५७ च्या सुमारास शेवटची पायरी गांठली. १४६ मण्यांच्या माळेंत सहाव्या जागीं ग्लुटामिक आम्ल असावयास पाहिजे, तेथें व्हॅलिन आहे. बाकी माळ जशीच्या तशी. डीएनएच्या भाषेंत बोलावयाचें तर एका अक्षराच्या जागीं दुसरें अक्षर पडलें आहे. एवढ्या मोठ्या यातनांचें इतकें लहान कारण वैद्यकाला तोंपर्यंत कधींच सांपडलें नव्हतें.

जुळणीची वाटहि कांहीं अंतरापर्यंत सरळ आहे. व्हॅलिन पाण्याशीं फटकून वागतें. रक्तांतील प्राणवायु खर्च झाला म्हणजे एका रेणूवरील हें व्हॅलिन शेजारच्या रेणूच्या खांचेंत जाऊन बसतें, त्याचें पुढच्याच्या, असें करीत लांबच लांब ताठ धागे तयार होतात. एका पेशींत हिमोग्लोबिनाचे सुमारें २७ कोटी रेणु असतात. ते धाग्यांत गोंवले गेले कीं मऊ, लवचीक पेशी ताठ होऊन वांकते, बारीक केशवाहिनींत अडकते, आणि पलीकडचा भाग रक्तावांचून तडफडूं लागतो. हीच ती कळ. निरोगी तांबडी पेशी सुमारें १२० दिवस जगते. ही दहावीस दिवसांतच फुटते. म्हणून रक्त कमी.

येथवर भिक्षूचा जय आहे. राजानें आतां पुन्हां विचारावयास हरकत नाहीं: सहावा मणि म्हणजे रोग काय?

तसें म्हणतां येत नाहीं. हा मणि घेऊन जन्मलेलें मूल पहिले कांहीं महिने ठणठणीत असतें, कारण गर्भावस्थेंतलें हिमोग्लोबिन निराळें असून जन्मानंतरहि तें कांहीं काळ रक्तांत टिकतें आणि धागे बनूं देत नाहीं. १९४८ सालीं जॅनेट वॉटसन या डॉक्टरबाईंनीं नवजात अर्भकांकडे पाहून हें ताडलें होतें. म्हणजे मणि सांपडण्याच्या पुष्कळ आधीं. कांहीं माणसांत हें गर्भाचें हिमोग्लोबिन मोठेपणींहि बऱ्यापैकीं राहतें, आणि त्यांचा रोग सौम्य असतो. एकाच आईबापांच्या दोन मुलांत एक शाळेंत धांवतें आणि दुसरें महिन्यांतून दोनदां अंथरुणाला खिळतें, असें घडूं शकतें; मणि दोघांचाहि तोच. शिवाय धागे बनावयास थोडा अवधि लागतो. तेवढ्यांत पेशी केशवाहिनी ओलांडून फुप्फुसाकडे परतली तर कांहीं बिघडत नाहीं. पेशींतलें पाणी थोडें कमी झालें, तर हा अवधि झपाट्यानें घटतो. म्हणून उन्हांतली मजुरी, न मिळालेलें पाणी, ताप, थंडीचा कडाका, यांतलें एखादें निमित्त कळ उठविण्यास पुरेसें होतें. पाण्याचा हंडा किती दूर आहे, हें त्या १४६ मण्यांच्या माळेंत कोठेंहि लिहिलेलें नाहीं.

आणि मुळांत असा घातक दोष पिढ्यान् पिढ्या टिकला कसा? याचें उत्तर खालीं उतरून मिळालें नाहीं. त्यासाठीं वर चढावें लागलें. हा दोष आई व बाप या दोघांकडूनहि आला तरच रोग होतो; एकाकडूनच आला तर मनुष्य वाहक असतो व सहसा निरोगी राहतो. अँथनी ॲलिसन यानें १९५४ सालीं पूर्व आफ्रिकेंतील पुराव्यावरून दाखविलें कीं, अशा वाहकांना जीवघेण्या हिवतापापासून बरेंच संरक्षण मिळतें. म्हणजे जेथें हिवताप दाट तेथें हा मणि जीव घेतोहि आणि राखतोहि. जंगल तोडून शेती केल्यानें डबकीं व डांस वाढले आणि त्याबरोबर हा दोषहि पसरला, अशी मांडणी पश्चिम आफ्रिकेपुरती फ्रँक लिव्हिंगस्टन या मानवशास्त्रज्ञानें १९५८ सालीं केली. एका मण्याचा अर्थ लावावयास डबकें, डांस, कुऱ्हाड आणि नांगर इतकें सारें लागलें. डबकें हा हिमोग्लोबिनाचा अवयव नव्हे.

हिंदुस्थानांत हा दोष प्रथम १९५२ सालीं निलगिरीच्या डोंगरांतील लोकांत आढळल्याचें प्रसिद्ध झालें. महाराष्ट्रांत नंदुरबार, गडचिरोली, चंद्रपूर या बाजूंना भिल्ल, पावरा, गोंड, माडिया इत्यादि समाजांत तो पुष्कळ आहे. भारत सरकारनें जुलै २०२३ मध्यें त्याच्या निर्मूलनाची मोहीम सुरू केली असून २०४७ सालापर्यंतची मुदत ठरविली आहे. बाधित भागांतील सात कोटी लोकांची तपासणी करावयाची योजना आहे. तपासणी उत्तमच. दोन वाहकांचा विवाह झाला तर प्रत्येक अपत्याला रोग होण्याचा संभव चारांत एक असतो, आणि हें आधीं कळणें हिताचें आहे. परंतु तपासणीच्या कागदाबरोबर एक शब्द घरांत येतो, आणि तो शब्द माणसाच्या जागीं बसूं लागतो. वाहक मुलगी आजारी नसते. तरी 'सिकलवाली' म्हणून तिचें स्थळ परत जातें. पहिला आक्षेप घेतांना मिलिंदाला जी भीति वाटली होती ती हीच असावी. केंस म्हणजे नागसेन नव्हे, हें नागसेनानेंहि राजाबरोबर मान्य केलें होतें. सहावा मणि म्हणजे ती मुलगी, असें त्या सभेंत कोणीच म्हटलें नसतें.

या रोगावरील एक नवा उपाय नोव्हेंबर २०२३ मध्यें ब्रिटननें व डिसेंबरांत अमेरिकेनें मंजूर केला. रोग्याच्या अस्थिमज्जेंतील मूळ पेशी काढून, त्यांचा डीएनए नेमका एका जागीं कापून, त्या परत शरीरांत सोडतात. चुकलेलें अक्षर या उपायांत सुधारलें जात असेल, अशी कोणाचीहि कल्पना होईल. तसें नाहीं. तें अक्षर आहे तसेंच राहतें. जन्मानंतर गर्भाच्या हिमोग्लोबिनाला जें कुलूप लागतें तें ढिलें करण्यासाठीं हा काप घेतलेला असतो. वॉटसनबाईंनीं ज्या अर्भकांकडे पाहिलें होतें, त्यांच्या रक्तांतली युक्ति येथें उसनी घेतली आहे. अमेरिकेंत या उपायाची किंमत सुमारें बावीस लक्ष डॉलर ठेवण्यांत आली. हायड्रॉक्सियुरिया या स्वस्त गोळीनेंहि गर्भाचें हिमोग्लोबिन कांहीं प्रमाणांत वाढतें व कळा कमी होतात. ती रोज घ्यावी लागते, मधूनमधून रक्त तपासावें लागतें, आणि तिच्याबरोबर डॉक्टर आणखी एक गोष्ट न चुकतां सांगतात, ती म्हणजे भरपूर पाणी पिण्याची.